ड्रायव्हर धरत नाहीत

पडेगाव, दौलताबाद रोड,
धोंड्याचा महिना, शुक्रवार, दुपार
(दुकान अर्धं उघडं, अर्धं डोळा लागलेलं)

देवगाव रंगारीचे भूषण, आमचे एकुलते एक मेव्हणेराव, श्रीमान इंद्रजीतराव यांसी,

तुमच्या एकुलत्या एक दाजीचा, म्हणजे कडूबाचा, वेल्डिंगच्या ठिणगीसारखा गरमागरम नमस्कार. पत्र बघून घाबरू नका. हल्ली पत्र आलं की लोक आधी कोर्टाचा शिक्का शोधतात. तसं काही नाही. इकडं सगळे सुखरूप आहेत, फक्त मी सोडून, आणि माझंही काय झालंय ते पुढं येईलच. आधी तिकडचं कळवा. आमच्या सासूबाईंचा, म्हणजे मामींचा, गुडघा कसा आहे? (डावा. उजव्याची त्या कधी तक्रार करत नाहीत, म्हणून मीही त्याला छेडत नाही.) चाळीतला कांदा टिकून आहे ना? काळी गाय व्याली का? करुणावहिनींना नमस्कार, आणि त्यांनी मागच्या खेपेला दिलेलं लिंबाचं लोणचं तुमच्या ताईनं कुलपात ठेवलंय, हेही त्यांच्या कानावर घाला.

आता तुम्ही म्हणाल, दाजी, खिशात फोन असताना पत्र कशाला? तर त्याचं कारण तुमचा ओटा. तुमच्या घरी फोन वाजला की तो ओट्यावर येतो, स्पीकरवर लागतो, आणि मामींना नीट ऐकू यावं म्हणून सगळी गल्ली गप्प बसते. मागं मी फोनवर नुसतं पोट बिघडलंय म्हणालो, तर तुमच्या गिरणीवाल्यानं मला पुडीभर ओवा पाठवून दिला होता. आजचा मामला ओव्याचा नाही. म्हणून हे पत्र आमचे शेजारी पुंजारामभाऊ यांच्या हाती देतोय. ते उद्या सकाळी कन्नडला निघालेत, वाटेत देवगावला उतरून तुमच्याच हातात देतील. (पोस्टात टाकलं असतं, पण मग अधिक महिना सरून निज लागल्यावर मिळालं असतं, आणि तोवर ह्या पत्रात जीव राहिला नसता.) वाचून झालं की चुलीत घाला. गॅसवर नको, राख उडते.

तर ऐका. माझा सगळा प्रपंच ह्या दोन कानांवर उभा आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. शिक्षण नाही, शेत नाही, बापाच्या नावाखेरीज बापाचं काही नाही. वाळूजला कंपनीत हेल्पर म्हणून लागलो, तिथं इंजिन ऐकून पास करायचं काम साहेबांचं होतं. ऐकायचो मी, पास साहेब करायचे. पुढं ह्या रस्त्याच्या कडेला एक जॅक, एक पाना आणि एक जुनं वेल्डिंग मशीन घेऊन बसलो, आणि आज आपला बोर्ड आहे: ‘कडूबा सायलेन्सर. आवाज आमच्याकडं सोडून जा.’ गिऱ्हाईक येतं, म्हणतं, "कडूबाभाई, गाडी कैसा तो बी आवाज देरी." मी चहाचा कप खाली न ठेवता सांगतो, मागचा डबा फुटलाय, आणि मागच्या सीटवर बसलेल्या तुमच्या सासूबाई तुमच्यावर नाराज आहेत. दोन्ही खरं निघतं. अशा माणसानं सोमवारी संध्याकाळी एक वाक्य ऐकलं, आणि तिथून पुढं जे झालं ते असं.

मी दुकानात एका टेम्पोखाली उताणा. भिंतीपलीकडं स्वयंपाकघर. तुमची ताई मिक्सरवर शेंगदाण्याचं कूट काढत होती आणि फोन फळीवर, स्पीकरवर. (हा आजार तुमच्या घरातूनच आलाय.) पलीकडून मामींचा आवाज. तो ओळखायला माझेच कान लागतात असं नाही, मिटमिट्यापर्यंत कुणीही ओळखेल. पण मध्येच मिक्सर सुरू व्हायचा. मिक्सर, मग मामी, मग मिक्सर. माझ्या वाट्याला जे आलं ते एवढंच : "रविवारी..." घुर्रर्र... "जावयांना घिऊन ये..." घुर्रर्र... "धोंडे... माझ्या हातानं..." घुर्रर्र.

मेव्हणे, मी टेम्पोखाली पडल्यापडल्या हात जोडले. जावयांना! ‘जावयाला’ नव्हे. डोक्यावर अनुस्वाराची टोपी घातलेलं, आदरार्थी बहुवचनातलं ‘जावयांना’! लग्न झाल्यापासून मामींनी मला ‘कडूबा’ आणि ‘अरे’ यापलीकडं काही म्हटलेलं नाही. लग्नाच्या मांडवातसुद्धा, मुंडावळ्या बांधलेल्या असताना, "अरं कडूबा, जरा सरक, पंखा लागू दी," असंच म्हणाल्या होत्या. त्यात माया होती, मला तक्रार नव्हती. पण माणसाला वाटतंच की, एवढी वर्षं सायलेन्सर ठोकून नाव काढलं, मुलीचं, तनुजाचं, लग्न थाटात केलं, तर एकदा तरी सासुरवाडीनं बहुवचनात बोलावं. आणि ते सोमवारी झालं. टेम्पोचं ऑइल माझ्या कपाळावर ठिबकत होतं, ते मला गंधासारखं वाटलं.

आणि खरं सांगतो, नुसत्या बहुवचनाचंच नाही. धोंड्याचा महिना तीन वर्षांनी एकदा येतो. दुकानात मी शेठ, घरात मी ‘अहो’, रस्त्यावर कडूबाभाई, तनुजाच्या लग्नापासून एका घरी व्याही. ह्या सगळ्या नात्यांत काही ना काही द्यावं लागतं. फक्त तुमच्या ओट्यावर पाय ठेवला की मी जावई होतो, आणि मला काहीच करायचं नसतं. पाय पुढं करायचे, मामी पाणी घालतात. ताट पुढं येतं, पुरण भरलेले धोंडे, वर तुपाची धार, आणि मामी समोर बसून म्हणतात, "खा रं, लाजतो कशाला." माझी आई मी लहान असतानाच गेली. ‘खा रं’ म्हणणारं एवढं एकच घर उरलंय. पुढला धोंड्याचा महिना तीन वर्षांनी. मामी तेव्हाही ठणठणीत असतील, पण डॉक्टर माझ्या साखरेची ज्या नजरेनं चौकशी करतात ती बघता, मला धोंडा नुसता दाखवला जाईल अशी चिन्हं आहेत. म्हणून ह्या रविवारी देवगावला जायचं म्हणजे जायचंच, असं मी टेम्पोखालीच ठरवलं. सकाळी निघायचं, दुपारी जेवायचं, ओट्यावर जरा लवंडायचं, संध्याकाळी परत. (त्याच्या पुढल्या रविवारी दुपारून अवस लागते, तेव्हा हाच मुहूर्त.)

रात्री जेवताना मी सहज विचारलं, रविवारी देवगावला निघायचं ना? तुमच्या ताईचा घास हातातच राहिला. "तुम्हाला कुणी सांगितलं?" मी नुसता कानाला हात लावला. ती खूश झाली. म्हणाली, "बरं झालं. मग गाडी नीट करून ठिवा. जावयांना वाटंत खोळंबा नको." बघा! हीसुद्धा जावयांना! समोर बसलेल्या नवऱ्याला असं तिसऱ्याच माणसासारखं बोलणं मला आधी चमत्कारिक वाटलं, पण मग लक्षात आलं की माहेरच्या वाटेला लागलेली बाई लाडानं अशीच बोलते. मीही लाडात आलो. पुढचे दोन दिवस आमच्या घरात असा संवाद चालला होता की शेजारची मंडळी कौतुकानं खिडक्या उघडत होती. "जावयांना गोड लई चालतं का हो?" "चालतं? पळतं!" "उन्हाचं जावयांना पुढच्या सीटवर बसवावं का मागच्या?" "जिथं बसवाल तिथं बसतील, गरीब स्वभावाचे आहेत." मग बुधवारी तिनं जरा खालच्या आवाजात विचारलं, जावयांच्या शर्टाचं माप काय असंल? मी छाती पुढं काढून सांगितलं, चव्वेचाळीस. तिनं डोळे मोठे केले. "येवढं? दिसत तर नाय!" मी म्हणालो, आत ओढून धरलेलं असतं. ती विचारात पडली आणि पिशवी घेऊन गुलमंडीच्या बाजारात गेली. मी मनात म्हणालो, देवगावहून कापडाचा आहेर होणार, माप गुपचूप कळवायचं चाललंय. चालू द्या.

आता माणसं किती, हा प्रश्न आला. तुमची ताई म्हणाली, आपण तिघं होतो. मीही मोजलं: मी, ती आणि तनुजा. (ऋतुराजला वाळूजला रविवारची शिफ्ट असते, असं मी धरून चाललो होतो. नवा जावई, बिचारा, शिफ्टच्या बसनं येतो-जातो.) तर तिघंच. आणि तीन माणसांनी शुभकामाला निघायचं नाही, हे तुमच्या ताईला तुमच्या आजीपासून मिळालेलं आहे. एवढंच काय, आमच्याकडं ताटात तीन पोळ्या आल्या तर चौथीचा तुकडा तोडून वर ठेवतात, मग मी तिन्हीच्या तिन्ही खातो आणि तुकडासुद्धा. चौथा माणूस कुठून आणायचा? पुंजारामभाऊ तयार होते, पण त्यांना घेतलं की त्यांच्या मालकीणबाई, म्हणजे पाच, मग त्यांची बहीण वेरूळला उतरणार, आणि शेवटी आपण धोंडे खायला नाही, वऱ्हाड घेऊन चाललोय असं होतं. तेव्हा जुन्या रिवाजाप्रमाणं चौथा म्हणून एक दगड घ्यायचं ठरलं. तुमच्या ताईनं परसातून नारळाएवढा गुळगुळीत धोंडा निवडला, धुतला, हळदकुंकू लावलं आणि गाडीत मागच्या सीटवर बसवला. धोंड्याच्या महिन्यात धोंड्याला घेऊन धोंडे खायला! मी इतका हसलो की टेम्पोवाला गिऱ्हाईक घाबरून दुसऱ्या दुकानात गेला.

मग वाटेचा प्रश्न. मेव्हणे, पडेगाव ते देवगाव हा काही काशीचा प्रवास नाही, पण ह्या वाटेवर जितके फाटे आहेत त्याहून आमच्या ओसरीवर तज्ज्ञ जास्त. पुंजारामभाऊंनी जन्मभर एस.टी. चालवली, त्यामुळं त्यांना वाटा कळतात त्या फक्त चहाच्या टपऱ्यांवरून. ते म्हणाले, माळीवाड्यावरून कसाबखेडा गाठा, रस्ता सपाट. तुमची ताई म्हणाली, घाटातूनच जायचं, कारण खुलताबादला भद्रा मारुती आणि वेरूळला घृष्णेश्वर वाटेत टाकून अधिक महिन्यात पुढं गेलं तर पाप लागतं. मी म्हणालो, रविवारी दौलताबादला रस्त्यातल्या जुन्या अरुंद दरवाजात पर्यटकांच्या गाड्या तोंडाला तोंड लावून उभ्या असतात, दोन देव आणि एक दरवाजा यात आपली पंगत उठेल. त्यावर ती म्हणाली, "मग पहाटंच निघू. जावयांना उपाशी थोडंच ठिवणार, डब्यात दशम्या घिऊ." मला भरून आलं. कुठल्या बाईनं नवऱ्याच्या भुकेची एवढी काळजी वाहिली असेल? शेवटी जाताना घाट, येताना माळीवाडा असा तह झाला. भद्रा मारुतीला नमस्कार गाडीतूनच, असं एक उपकलम मी हळूच घुसवलं.

गाडी तर बघायलाच हवी होती. गुरुवारी सकाळी मी, तुमची ताई आणि पुंजारामभाऊ दौलताबादपर्यंत एक फेरी मारायला निघालो. मिटमिटा ओलांडला आणि मला आवाज ऐकू आला. गड... गड-गड... टुक. वळणावर गड-गड, ब्रेकला टुक. मेव्हणे, मी काच खाली करून कान बाहेर काढला. मी जन्मभर लोकांच्या गाड्यांचे आवाज बंद केले आणि माझ्याच गाडीत असला आवाज, जो मी कधी ऐकलेला नाही! पुंजारामभाऊ म्हणाले, बेअरिंग असंल. मी म्हणालो, भाऊ, बेअरिंग कण्हतं, हे लोळतंय. सायलेन्सरचं रबर तुटून पाईप आपटतोय, दुसरं काही असूच शकत नाही. गाडी कडेला घेतली, जॅक लावला, खाली शिरलो, आणि भर रस्त्यावर आपल्या हातानं बसवलेला सायलेन्सर आपल्या हातानं उतरवला. मागच्या काचेवर हे एवढं मोठं लिहिलेलं: ‘आवाज आमच्याकडं सोडून जा.’ जाणारी-येणारी माणसं थांबायला लागली. जुना गिऱ्हाईक होता एक, तो स्कूटर उभी करून म्हणतो, "क्या कडूबाभाई, तुमारेकू बी? अब हम लोगां किदर जाना?" मी घामाघूम. सायलेन्सर हलवून बघितला, ठोकून बघितला, कानाला लावून बघितला. निर्दोष! पुन्हा बसवला, गाडी सुरू केली, आणि पहिल्या वळणावर: गड-गड... टुक. मी पुन्हा जॅक काढणार तेवढ्यात तुमची ताई मागं वाकली आणि शांतपणे म्हणाली, "अवो, त्यो आपला चवथा माणूस लोळायलाय."

सीटवरून खाली पडून तो हळदकुंकू लावलेला धोंडा माझ्या गाडीत मोकळा फिरत होता. मी गाडीतला प्रत्येक नटबोल्ट ओळखतो, पण पाहुण्याचा आवाज ओळखला नाही. पुंजारामभाऊ डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि जन्मभर एस.टी.त अनेक धोंडे फिरवले पण असा नाही पाहिला, असं म्हणाले. तुमच्या ताईनं घरी गेल्यावर जुन्या लुगड्याची चुंबळ करून त्याला तिच्यावर बसवलंय. आता तो आमच्या सगळ्यांपेक्षा नीट बसतो.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. पण गुरुवारी संध्याकाळी तनुजा आणि ऋतुराज आले. ऋतुराज पाया पडला, म्हणाला, "पप्पा, रविवारची सुट्टी काढलीय बघा. गाडी मी चालवू का?" मी म्हणालो, अरे वा, तूही येतोस? तुमची ताई माझ्याकडं बघायला लागली, आणि आतून नवा कोरा शर्ट घेऊन आली. आणि मेव्हणे, तो शर्ट तिनं मला नाही, त्याला दिला! म्हणाली, "घालून बघा, जावई. रविवारी देवगावला हाच घालायचा." ते पोरगं काठीसारखं. त्यानं शर्ट घातला तेव्हा शर्ट आधी आला आणि ऋतुराज थोड्या वेळानं. बाह्यांतून हात शोधायला तनुजाला मदत करावी लागली. तो बिचारा नम्र, म्हणतो, "छान हवेशीर आहे, मम्मी." तुमची ताई माझ्यावर फिरली: "चव्वेचाळीस म्हणला होता ना तुम्ही? आत वढून धरलंय म्हणला होता!"

तेव्हा मला सगळा आवाज नीट ऐकू आला. जावयांना गोड चालतं का, जावयांना कुठं बसवावं, जावयांना दशम्या: ते सगळे जावई म्हणजे हा! मी घसा साफ करून विचारलं, म्हणजे सोमवारी मामी जावयांना घेऊन ये म्हणाल्या, ते... "ऋतुराजला! पहिलाच धोंड्याचा महिना हाय त्याचा. आज्जीला नातजावयाला जेवू घालायचंय." बरं, मग तू तिघं म्हणालीस ते कोण? "मी, तनुजा आन् जावई." आणि मी? "तुम्ही गाडी चालवणार की!" मग चार नाही का झाले? तर ती म्हणाली, "ड्रायव्हर धरत नाहीत."

मी आधारासाठी पुंजारामभाऊंकडं बघितलं. ते म्हणाले, "बराबर हाय. एस.टी.त चव्वेचाळीस शीटं लिव्हलेली असतात, ड्रायव्हर त्यात धरत नाय." (चव्वेचाळीस हा आकडाच मला बाधतो.) मी शेवटचा बाण काढला: अगं, पण मामी ‘जावयांना’ म्हणाल्या, मान देऊन! त्यावर तुमची ताई हसली, आणि ते हसणं मला लागलं. म्हणाली, "तुम्हाला आई कवा मान देती? मान नव्या जावयाला. तुम्ही आता सासरे झाला, तुम्ही वाढायचं, खायचं नाय."

असो. मेव्हणे, तुम्ही हे मनाला लावून घेऊ नका. मी तर मुळीच घेतलेलं नाही. गुरुवारपासून मला भूक नाही, पण ते उन्हामुळं असेल. रविवारी मी आनंदानं गाडी चालवीन, भद्रा मारुतीला गाडीतून नमस्कार करीन, दरवाजात अडकलो तर हॉर्न न वाजवता बसेन, आणि देवगावला पोचलो की गाडी लिंबाखाली लावून काच खाली करून आतच बसून राहीन. वारा ओट्याकडून गाडीकडं वाहत असेल तर तुपाचा वास येईल, तेवढा पुरे. तुम्ही बाहेर येऊन "दाजी, आत चला" वगैरे म्हणू नका, म्हणजे एकदाच म्हणा, दोनदा नको. मामींच्या पायांवर माझं डोकं, आणि गुडघ्यावर नारायण तेल, कोमट करून.

तुमचा, आजवर जावई असलेला,
कडूबा

ता.क. : खरं काम आता सांगतो. मामींनी नक्की कुणाला बोलावलंय, हे एकदा विचारून बघा. सरळ विचारू नका. जावयानं ‘मला बोलावलंय का?’ असं विचारणं आजवर कुठल्याही पोथीत बसलेलं नाही, आणि ते मी विचारतोय असं कळलं तर गिरणीवाला ह्या वेळी काय पाठवील सांगता येत नाही. तुम्ही सहज म्हणा, "आई, रविवारी पाट किती मांडायचे?" आणि त्या काय म्हणतात ते संध्याकाळी परतणाऱ्या पुंजारामभाऊंच्या हाती चिठ्ठीवर लिहून पाठवा. एक पाट असेल तर नुसता १ लिहा, मी समजून घेईन आणि शनिवारीच घरी पोटभर जेवून घेईन. २ असेल तर आकडा जरा मोठा काढा.

ता.क. दुसरी : तो शर्ट दुकानदार परत घेत नाही. मी सकाळी सहज घालून बघितला, मला अगदी माझाच असल्यासारखा बसला, आणि मग त्याच्यावर चहा सांडला. तुमच्या गावच्या पेठेतून अडतीसचा एक चांगला शर्ट घेऊन ठेवा, ऋतुराजसाठी. ताईला सांगू नका.

इंदर, ताईचा आशीर्वाद. हे बाहेर गिऱ्हाइकाशी बोलायलेत, तवर चार ओळी लिहिते. यांचं पत्र मी वाचलं. शर्टाचं पण कळलं. मला मेलीला काय ठाऊक, हा माणूस टेम्पोखाली पडून कान लावतो आन् धोंडे खायची एवढी हौस धरतो! आत्ता मिक्सर बंद करून आईला फोन लावला. आई म्हणाली, "आगं, दोघान्ला म्हणलं मी! मिक्सर चालू ठिवून कशाला ऐकती? जावयांना म्हंजी दोन जावई. एकट्या कडूबाला आण म्हणायचं असतं तर कडूबाला आण म्हणले असते, त्याला मी कवापासनं आहो-जाहो करायला लागले? त्याच्या वाटचं पुरण मी निराळं केलंय, साखर कमी घालून. त्याला गोड सोसत नाय आता." तर पाट दोन मांड. यांना आत्ताच सांगू नको. रविवारपर्यंत जरा गप बसू दे, घरात शांत वाटायलंय. — आशा

ता.क. शेवटची : मेव्हणे, वरच्या ओळी मी वाचलेल्या नाहीत, नवराबायकोत असा विश्वास असावा लागतो. पण तुमची ताई लिहिताना पुटपुटते, आणि मी भिंतीच्या अलीकडं होतो. चिठ्ठीची गरज नाही. साखर कमी घातलेलं पुरण! त्या वाक्यावर मी गिऱ्हाइकाचं तोंड पुसायचं फडकं घेऊन डोळे पुसले, आणि ते ऑइलचं निघालं. आता फक्त एवढंच: दोन जावई एका गाडीत म्हटल्यावर मानाप्रमाणं थोरल्या जावयानं मागं बसायचं, म्हणून गाडी ऋतुराज चालवणार आहे, त्यानं स्वतःच मागितली होती. आणि ड्रायव्हर धरत नाहीत. म्हणजे मी, तुमची ताई आणि तनुजा, आम्ही पुन्हा तिघंच. तेव्हा धोंडा घेऊन येतोय. चुंबळीसकट. त्यालाही एक पाट मांडा.